तांबडी कुंची

जपानात, तोक्योजवळच्या ग्योतोकुला आमच्या स्वयंपाकघराची खिडकी मोरीतासानच्या बागेत उघडायची. बाग म्हणजे दोन घरांच्या मधली जेमतेम चार पावलं रुंदीची पट्टी. पण तिच्यात त्या बाईने काय काय बसवलं होतं ते आठवलं की अजून नवल वाटतं. कुंपणाला टेकून एक जुना उमे, म्हणजे आपल्याकडच्या अलुबुखाराच्या जातीचं झाड, थंडीसाठी बुंध्याला गवताची चटई गुंडाळलेलं. त्याच्या पायाशी नार्सिससचे कांदे. मग जिंचोगेचं झुडूप, ज्याचा वास फुलं दिसायच्या आधीच घरात शिरतो. आणि कडेने मासळीच्या रिकाम्या थर्माकोलच्या खोक्यांतून कांद्याची पात, पालक आणि दोन-चार मुळे. मोरीतासान आमच्या घरमालकीण. सत्तरी उलटलेल्या, पाठीत किंचित वाकलेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्या एकट्याच राहायच्या. सकाळी आईने चहाचं आधण ठेवलं की पलीकडे त्यांच्या झारीचं पाणी पडल्याचा आवाज यायचा. दोघी खिडकीतून एकमेकींना मान लववायच्या आणि आपापल्या कामाला लागायच्या. तीन वर्षांत त्यांचं बोलणं झालं होतं ते एवढंच.

बाबा एका व्यापारी कंपनीत होते. कंपनीने त्यांना ठाण्याहून इथे पाठवलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. इथल्या शाळेत जाऊ लागले आणि वर्षभरात जपानी माझ्या तोंडात बसली, इतकी की आई मराठीत विचारायची आणि मी नकळत जपानीत उत्तर द्यायची. बाबांचं ऑफिसात इंग्रजीवर भागायचं. आईला मात्र माफीचं 'सुमिमासेन' आणि आभाराचं 'आरिगातो' यापलीकडे काही येत नव्हतं. बाजारात ती बोटाने वस्तू दाखवायची आणि हसायची. ठाण्याला असताना तिच्या शिवणाची आळीभर चर्चा असे. बायका लग्नाचे ब्लाउज शिंप्याकडे न टाकता आमच्याकडे आणायच्या. पण तिचं मशीन ठाण्यालाच राहिलं होतं आणि इथे ती फक्त माझ्या गणवेशाची बटणं लावायची. घरात चिकट भात, त्यावर महिन्यातून एकदा उएनोजवळच्या दुकानातून आणलेल्या तूरडाळीचं वरण, आणि भाजी म्हटली की कोबी. कोबीची भाजी, कोबीची भजी, कोबीची कोशिंबीर. हिवाळ्यात संध्याकाळी रॉकेलची गाडी गाणं वाजवत गल्लीतून जायची, त्या आधी पाच वाजता सगळ्या गावाला ऐकू जाणारी घंटेची धून लागायची, आणि ती संपली की मुलं घरी पळायची. आजही पाच वाजता मला उगीच घरी जावंसं वाटतं.

मी सांगते आहे त्या हिवाळ्यात आमचं घर गप्प होतं. आईला दिवस गेले होते. बाळ मार्चच्या सुमारास येणार, असं मला उन्हाळ्यात सांगितलं होतं, आणि मी वर्गातल्या मैत्रिणींना सांगूनही टाकलं होतं. मग शरदात एका पहाटे आईला दवाखान्यात न्यावं लागलं. आठवड्याने ती घरी आली ती एकटी आली. मला कुणी काही सांगितलं नाही. बाबा म्हणाले, "आईला विश्रांती हवी आहे, तिला त्रास देऊ नकोस." एवढंच. बाळ हा शब्द घरातून निघून गेला. मी बारा वर्षांची होते, मला कळत होतं आणि नव्हतंही. आई उठायची, डबा करायची, कपडे वाळत घालायची, आणि दुपारी खिडकीपाशी पाय दुमडून बसायची. मी शाळेतून यायची तेव्हाही ती तिथेच असायची. जानेवारीत ठरलं की मार्चमध्ये माझी प्राथमिक शाळा संपली की आई आणि मी ठाण्याला परत जायचं, कायमचं. बाबा नेमणूक संपेपर्यंत एकटे राहणार होते. ते ठरलं तेही रागावून किंवा भांडून नाही. आई जेवताना म्हणाली, "मला इथे नको वाटतं," आणि बाबा म्हणाले, "बरं. तिकिटं बघतो."

फेब्रुवारीच्या सुरुवातीला, उमेच्या काळ्या फांद्यांवर पहिल्या पांढऱ्या कळ्या दिसायला लागल्या तेव्हाची गोष्ट. मी शाळेतून आले तर आई खिडकीत उभी. तिने मला हाताने जवळ बोलावलं आणि पलीकडे दाखवलं. मोरीतासान आपल्या ओसरीवर ऊन खात बसल्या होत्या. पुढ्यात बशीत टोफूची पांढरीशुभ्र वडी होती आणि त्या तिच्यात एकेक सुई टोचत होत्या. वाकलेल्या सुया, टोक मोडलेल्या, नेढं तुटलेल्या. प्रत्येक सुई टोचली की क्षणभर थांबत होत्या.

"तिला विचार, हे काय करते आहे," आई म्हणाली.

कित्येक महिन्यांत आईने कशाबद्दल तरी विचारलं होतं. मी खिडकीतून ओरडूनच विचारलं. मोरीतासान हसल्या, "या, इकडेच या," म्हणाल्या, आणि आम्ही दोघी चपला घालून बागेच्या फाटकातून आत गेलो. त्यांनी सांगितलं की या सुयांनी वर्षभर जाड-जाड कापडात शिरून कष्ट काढले, आता त्यांना निरोप द्यायचा. शेवटचा मुक्काम मऊ जागी व्हावा म्हणून टोफू. हे मी आईला सांगितलं. आईने वाकून ती बशी जवळून पाहिली. मग म्हणाली, "तिला सांग, आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी मशीनला फूल वाहतात. कात्रीलासुद्धा." मी सांगितलं. मोरीतासाननी कौतुकाने मान डोलावली, आत गेल्या आणि एक सुई घेऊन आल्या. ती मोडकी होती. ती त्यांनी आईच्या हातात दिली आणि बशी तिच्यापुढे सरकवली. आईने ती टोचली, आणि सवयीने हात जोडले.

दुसऱ्या दिवशी आई माझी वाट न बघता एकटीच फाटकातून गेली होती. मग रोजच जायला लागली. मी शाळेतून तशीच तिकडे जायची. ओसरीच्या आतल्या खोलीत कोतात्सू होता, म्हणजे खालून ऊब देणारं बुटकं मेज, ज्यावर रजई घातलेली असते. त्यात पाय घालून दोघी समोरासमोर शिवत बसलेल्या असायच्या, एक शब्दही न बोलता. मोरीतासानकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांतून चिंध्या होत्या. चिंध्या म्हणायला जीव धजत नाही. जुन्या किमोनोंचं सुरकुतीदार रेशीम, सासूच्या कमरपट्ट्याचा तुकडा, मुलीच्या लहानपणच्या झग्याची बाही, सगळं धुऊन, इस्त्री करून, रंगांप्रमाणे लावलेलं. त्यांतून त्या वसंतासाठी इवल्याइवल्या वस्तू करायच्या: पाच पाकळ्यांचं उमेचं फूल, पीचचं फळ, ससा, चेंडू, आत कापूस भरलेला चिमणा. ते सगळं लाल दोऱ्यात ओवून मार्चमधल्या मुलींच्या सणाला दारात टांगायचं. त्यांची शिवायची रीत आईला फार आवडली. आपण सुई कापडातून चालवतो. मोरीतासानच्या हातात सुई जागच्या जागी असे आणि कापडच लाटांसारखं पुढे येत येत तिच्यावर चढत जाई. मधल्या बोटात कातड्याची अंगठी, तिने सुईला मागून आधार. पाहता पाहता वीतभर धावदोरा पडलेला असे आणि टाके सारखे, तांदळाचे दाणे ओळीने मांडावेत तसे.

आईही काही कमी नव्हती. तिने पहिल्याच आठवड्यात त्यांची फुलाची पाकळी उलगडून पाहिली, पुन्हा शिवली, आणि आतल्या बाजूला तुरपाई अशी घातली की मोरीतासान चष्मा वर करून शोधत राहिल्या आणि टाका त्यांना सापडेना. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "चारू-चान, तुझी आई हे कुठे शिकली?" आई म्हणाली, "सांग, माझ्या आईकडे." मोरीतासान म्हणाल्या, "मग तिच्या आईलाही माझा नमस्कार सांग." आई हसली. दात दिसतील असं हसली. मी ते बाबांना रात्री सांगितलं तेव्हा ते घास तसाच हातात धरून माझ्याकडे बघत राहिले.

मी आता नागोयाला राहते. माझ्या नवऱ्याची नोकरी मोटारींच्या कारखान्यात होती, आता तो निवृत्त झाला. आमच्या अपार्टमेंटला सहाव्या मजल्यावर गॅलरी आहे. तिथे मी दर वर्षी मेथी पेरते आणि ती उगवली की मला हटकून मोरीतासानची बाग आठवते, कारण मेथी हे आईचं त्या बागेला देणं होतं. फेब्रुवारीच्या शेवटी ऊन जरा रेंगाळायला लागलं तसं मोरीतासाननी उमेच्या बुंध्याची गवताची चटई सोडली, खोक्यांतली माती उन्हात पसरली, आणि एक रिकामं खोकं आईपुढे ठेवलं. आईने घरात येऊन मसाल्याच्या डब्यातले मेथीचे दाणे मूठभर नेले. मोरीतासानना पटेना की स्वयंपाकाच्या डब्यातलं काही उगवेल. चार-पाच दिवसांत खोकं हिरवंगार झालं तेव्हा त्या शेजारच्या दोन घरांतल्या बायकांना बोलावून दाखवत होत्या. त्यांनी बर्फाखालून पहिल्यांदा डोकं काढणाऱ्या फुकी नावाच्या भाजीच्या कळ्या तळून आम्हांला खाऊ घातल्या. त्या कडू होत्या. मी तोंड वाकडं केलं, पण आईने डोळे मिटून सावकाश खाल्ल्या आणि म्हणाली, "पाडव्याच्या कडुलिंबासारख्या लागतात." कुंपणापलीकडे रिकाम्या प्लॉटवर मोहरी फुलली होती, पिवळीधमक. मोरीतासान ती फुलं खुडून उकडायच्या. आईने तीच फोडणीला टाकली. दोघींनी एकमेकींचं चाखून पाहिलं. त्या महिन्यात मी दुभाष्याचं काम इतकं केलं की शाळेत गृहपाठ राहायला लागला. पण त्या दोघींना माझी गरज दिवसेंदिवस कमी पडत चालली होती. आई नुसतं "मोरीतासान" म्हणून सुई दाखवायची आणि त्यांना कळायचं, दोरा हवा आहे.

मार्चच्या मध्याला हिगान येतो. दिवस-रात्र सारखे होतात तो आठवडा. लोक पूर्वजांच्या थडग्यांवर जाऊन ती धुतात, फुलं ठेवतात, लाल घेवड्याच्या गोड पुरणात लपेटलेले भाताचे लाडू करतात. त्याच्या आदल्या शनिवारी मी आईबरोबर दुपारी मोरीतासानकडे गेले. त्या दिवशी कोतात्सूवर ससे नव्हते, फुलं नव्हती. तांबड्या सुती कापडाची लाळेरी होती. गळ्याला बांधायचे बंद असलेली, कडेला पांढरी टीप घातलेली बाळाची लाळेरी, आणि तशाच तांबड्या टोप्या. एकावर एक रचून ठेवलेल्या.

आई दारातच थांबली. तिचा हात माझ्या खांद्यावर होता, तो एकदम जड झाला.

"त्यांच्या मुलीला बाळ होणार आहे का, विचार," ती म्हणाली. आवाज अगदी नेहमीसारखा ठेवून.

मी विचारलं. मोरीतासाननी हातातलं काम खाली ठेवलं. त्यांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि सावकाश, मला समजेल अशा शब्दांत सांगायला लागल्या. पलीकडच्या देवळाच्या दाराशी सहा जिझोसान आहेत, तुला माहीत आहेत ना, शाळेच्या वाटेवरचे, दगडाचे, गोल डोक्याचे. त्यांचे कपडे आम्ही दर वसंतात बदलतो. जिझोसान लहान मुलांना सांभाळतात. आईबापांच्या आधी जी निघून जातात त्यांना. जी जन्मायच्या आधीच जातात त्यांनासुद्धा. त्या मुलांना पलीकडे एकटं जाता येत नाही, म्हणून जिझोसान त्यांना आपल्या झग्याच्या बाहीत लपवून नेतात. थंडी वाजू नये म्हणून टोपी. 

मी ऐकत होते आणि मला कळत होतं की हे आता मला मराठीत सांगायचं आहे. मी म्हणाले, "आई, ते देवासाठी आहेत."

आईला जपानी येत नव्हतं, पण इतक्या लांब बोलण्याचा अर्थ एवढासा नसतो हे तिला कळलं. "अजून काय म्हणाल्या?" तिने विचारलं.

मी मोरीतासानकडे वळले. मोरीतासान म्हणाल्या, "सगळं सांग, चारू-चान. तिला ऐकू दे." आणि मग, मी सुरुवात करायच्या आत, त्या पुढे म्हणाल्या की त्यांचा दुसरा मुलगा जन्मला आणि आठवडाही काढला नाही त्याने. तेव्हा त्या पंचविशीच्या होत्या. तेव्हापासून त्या हे कपडे शिवतात. "पानगळीत मी तुझ्या आईचं पोट पाहिलं होतं. नंतर पाहिलं ते नव्हतं. मला विचारता आलं नाही. भाषा नव्हती, आणि असती तरी विचारलं असतं की नाही कोण जाणे."

मी सगळं सांगितलं. मला 'बाहीत लपवून' हे नीट सांगता येईना, तेव्हा मी माझ्या स्वेटरची बाही पुढे ओढून दाखवली. बोलता बोलता मला रडायला यायला लागलं, पण मी थांबले नाही, कारण थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. आई उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. मग ती आत आली, आपल्या नेहमीच्या जागी बसली, आणि तिने एक लाळेरं उचलून हातात घेतलं.

"मुलगा होता की मुलगी?" मोरीतासाननी हळूच विचारलं. हेही मला विचारावं लागलं. माझ्या आईला.

"मुलगी," आई म्हणाली. आणि मग जपानीत, तिला येत असलेल्या तुटपुंज्या शब्दांत, तिने स्वतःच सांगितलं, "ओन्ना नो को."

मला बहीण होती हे मला असं कळलं. मी कोतात्सूच्या रजईत तोंड खुपसून बसले. मोरीतासाननी मला काही समजावलं नाही की आईने डोक्यावरून हात फिरवला नाही. दोघी शिवत होत्या, कापडातून दोरा ओढल्याचा आवाज येत होता, आणि बागेकडचं दार उघडं होतं त्यातून जिंचोगेचा वास येत होता. मला वाटतं मी तिथेच झोपून गेले. जाग आली तेव्हा अंगावर मोरीतासानचा लोकरी कोट होता.

त्या संध्याकाळी आईने कपाटाच्या वरच्या फळीवरून बॅग काढली. तिच्यातून तांबडा खण निघाला, काठाला हिरवी किनार. तो आजीने ठाण्याहून पाठवला होता, आईच्या ओटीत घालायला. पार्सल आलं तेव्हा बाबांनी पाटावर बसवून आईची ओटी भरली होती, कारण भरायला दुसरं कुणी नव्हतं, हे मला आठवतं. त्या खणाची आईने कुंची शिवली. आजच्या मुलांना कुंची दाखवावी लागते. डोक्यावर टोपीसारखी बसते आणि मागे पाठीवर पदरासारखी खाली येते, हनुवटीखाली बंद. थंडीवाऱ्यात तान्ह्या बाळाला घालतात. मशीन नव्हतं, सगळी हातशिलाई. दोन दिवस ती घरीच बसली. अस्तर मऊ हवं म्हणून बाबांचा जुना मलमलचा सदरा फाडला. कपाळावर येणाऱ्या कडेला चुण्या घालून झालर केली, माथ्यावर गोंडा लावला. शिवताना ती मोरीतासानसारखी सुई स्थिर धरून कापड पुढे आणत होती, पण चुण्या घेताना हात आपल्या रीतीने चालत होते. मी समोर बसून दोरा ओवून देत होते. तिने एकदाच मान वर करून विचारलं, "तुला कळलं होतं का गं?" मी म्हणाले, "थोडंसं." ती म्हणाली, "सांगायला हवं होतं तुला," आणि पुन्हा खाली बघून शिवायला लागली.

ती कुंची मोरीतासानना दाखवली तेव्हा त्यांनी ती दोन्ही तळहातांवर घेतली. उलटी केली, अस्तर पाहिलं, चुण्या पाहिल्या, मागचा पदर बोटाने चाचपला. "मानेलाही वारा लागत नाही," त्या म्हणाल्या. "टोप्या शिवताना आम्हांला हे सुचलंच नाही." आयुष्यभर त्या टोप्या शिवत आलेल्या बाईने हे म्हणावं, आणि तेही इतक्या मोकळेपणाने, याचं मोल मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं. माझ्या ओळखीत उत्तम हाताच्या बायका पुष्कळ आल्या. दुसऱ्याचं उत्तम काम बघून असा चेहरा उजळणारी दुसरी कुणी भेटली नाही.

हिगानच्या दिवशी आम्ही तिघी देवळात गेलो. मोरीतासाननी बादलीत पाणी घेतलं, त्या सहा मूर्तींना आंघोळ घातली, जुने विटलेले कपडे सोडले, नवे बांधले. आई त्यांना बंद बांधू लागली. तिचे हात कुठेच अडखळले नाहीत. बाळाचं डोकं धरावं तसं ती दगडी डोकं डाव्या हाताने धरत होती. रांगेच्या टोकाला, एका कॅमेलियाच्या झाडाखाली, गुडघ्याएवढा एकटा जिझो होता. तिथे ज्याला जे आणावंसं वाटतं ते लोक आणून ठेवतात, असं मोरीतासाननी आम्हांला सांगून ठेवलं होतं. भिरभिरी होती, खेळण्यातली गाडी होती, दुधाचा छोटा खोका होता. आईने त्याला कुंची घातली. ती थोडी मोठी झाली. आईने चुणी सारखी केली, पाठीवरचा पदर नीट केला, आणि हात जोडून उभी राहिली. मोरीतासान दोन पावलं मागे उभ्या होत्या. मी मध्ये. घरी येताना मोरीतासाननी ते गोड लाडू आमच्या डब्यात घातले आणि आईने एक खाऊन म्हटलं, "पुरणच आहे हे. वेलची हवी होती."

रात्री जेवताना आईने बाबांना सगळं सांगितलं. मी शेजारी असताना, माझ्या देखत. बाबा ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. शेवटी म्हणाले, "मला दाखवशील?"

रविवारी आम्ही तिघं गेलो. बाबा त्या लहान मूर्तीपुढे उकिडवे बसले. माझे बाबा फार कमी बोलणारे, सगळी कामं चोख करणारे. दवाखान्यातलं, कंपनीतलं, सरकारी कचेरीतलं, त्या शरदातलं सगळं त्यांनी एकट्याने निस्तरलं होतं आणि घरी येऊन चहा केला होता. तिथून आम्ही नदीच्या बांधावर गेलो. एदोगावाच्या काठाने वारा होता, उतारावर गवत नुकतं हिरवं व्हायला लागलं होतं, आणि मुलं पतंग उडवत होती. आई-बाबा उतारावर बसले. आई समोर पाण्याकडे बघत म्हणाली, "मला ताप होता, मला काही आठवत नाही. तुम्ही पाहिलंत तिला?"

"हो," बाबा म्हणाले.

"कशी होती?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ते मला कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, काहीतरी आणायला पाठवतील, आणि मी उठायच्या बेतात होते. पण आई म्हणाली, "राहू दे तिला. तिचीच बहीण आहे."

मग बाबांनी सांगितलं. कपाळ आईसारखं होतं. केस होते, बारीक, ओले. बोटं लांब होती. तिला पांढऱ्या कपड्यात गुंडाळून त्यांच्या हातात दिलं होतं आणि शेवटच्या जागी जाईपर्यंत गाडीत ती त्यांच्याच मांडीवर होती. वाटेत त्यांना वाटलं की काहीतरी बोलावं तिच्याशी, आणि काही सुचेना, तेव्हा त्यांनी तिला घराबद्दल सांगितलं, आईबद्दल, चारू-ताईबद्दल. "इतकी हलकी होती," ते म्हणाले, आणि दोन्ही तळवे समोर धरून त्यांनी तिची लांबी दाखवली. ते तळवे तसेच हवेत राहिले. खाली घ्यायचं त्यांना सुचेना. आईने त्या दोन हातांच्या मध्ये पाहिलं, मग आपले दोन्ही हात तिथे, त्यांच्या तळव्यांच्या आत ठेवले, आणि बाबा पहिल्यांदा रडले. मी त्यांना तसं रडताना नंतर कधीही पाहिलं नाही.

आम्ही ऊन उतरेपर्यंत तिथे होतो. परत निघताना आई गवत झटकत उठली आणि म्हणाली, "चारूच्या नव्या शाळेच्या गणवेशाचं माप द्यायचं राहिलंय. उद्या जाऊन येते. मोरीतासानना बरोबर नेते, म्हणजे बाही लांब शिवायला सांगतील."

बाबांनी विचारलं, "इथल्या शाळेच्या?"

"इथल्याच," आई म्हणाली आणि बांधाच्या पायऱ्या उतरायला लागली.